तुतीच्या झाडापासून कुठल्या बाजूला

“हे आपलं तुतीचं झाड नाही,” हाजेर म्हणाली आणि संगमरवरी खांबाला टेकून जी बसली ती उठेचना.

“खांब आहे तो. झाड कधीच तोडलं,” नुर्दाने म्हणाली. “तू फक्त एवढं सांग, झाडापासून कुठल्या बाजूला?”

“काय कुठल्या बाजूला?”

बाटलीतलं उरलेलं पाणी नुर्दानेने हाजेरच्या डोक्यावरच्या रुमालावर ओतलं. हाजेर खुदकन हसली. ऑगस्टची दुपार, दीड वाजून गेलेला. पाइनच्या झाडांवरचे किडे असे किरकिरत होते की उन्हालाच आवाज फुटलाय असं वाटावं. सकाळी आलेले परदेशी पाहुणे केव्हाच बसमध्ये जाऊन बसले होते. दोन म्हाताऱ्यांनी या वेळी बाहेर पडू नये, हे नुर्दानेलाही कळत होतं. पण हाजेरचं डोकं हल्ली आळशी वाण्याच्या दुकानासारखं झालं होतं. अकरा ते दोन काय ते उघडं, बाकी वेळ फळ्या लावलेल्या. आणि दोन वाजता तिची लेक नेस्रिन गाडी घेऊन येणार होती, आईला इझमीर शहरात न्यायला. कायमची.

या खांबांच्या मधोमध एके काळी त्यांचं गाव होतं. खांबाला गाढव बांधायचं, नाटकगृहाच्या पायऱ्यांवर मिरच्या वाळवायच्या, असं सगळं सुखाने चाललं होतं. मग सरकारी माणसं आली. तुमच्या घरांखाली जुनं शहर आहे म्हणाली, आणि गाव उचलून टेकडीपलीकडे नेलं. त्याच्या दोन महिने आधी सतरा वर्षांच्या नुर्दानेला मेलेलं मूल झालं होतं. नाव न ठेवलेल्याला कबरस्तान कशाला, असं म्हणून सासूने, उम्मुहानने, ते घराजवळच पुरलं. फावडं धरायला शेजारची हाजेर होती. सासूने तिला रोटीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की नुर्दानेला जागा सांगायची नाही. सांगितली तर ही पोर तिथेच जाऊन बसेल, उठायचं नाव घेणार नाही. नुर्दाने चाळीस दिवस खोलीत होती. बाहेर आली तेव्हा भांडी बांधायला सुरुवात झाली होती.

पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले. सासू गेली, नवरा गेला. नुर्दाने दर चार-सहा वर्षांनी विचारी, “आता तरी सांग.” हाजेर म्हणे, “रोटीवरची शपथ आहे बाई. पण मरायच्या आधी सांगेन, नक्की सांगेन.” दोघींनाही वाटत होतं, माणूस मरतं ते एकदमच मरतं. डोकं आधी निघून जाईल आणि बाई मागे राहील, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

रखवालदार रिफात छत्री घेऊन आला. गावातलाच, पण नव्या गावात जन्मलेला. “मावशी, सावलीत बसा हो. काल एक जर्मन बाई आडवी झाली इथे.”

“ती जर्मन होती,” नुर्दाने म्हणाली. “आमचं घर कुठे यायचं रे?”

“घर तुमचं त्या दोरी लावलेल्या खड्ड्यात. तुतीच्या अलीकडचं सगळं चार मीटर खणलंय. पलीकडे, जुन्या न्हाणीघराच्या, त्या हमामाच्या भिंतीमागे, अजून कुणी हात लावलेला नाही.”

“आणि खणलेली माती?”

रिफातने छत्री या हातातून त्या हातात घेतली. “ट्रक भरभरून गेली, मावशी. नदीच्या बंधाऱ्याला.”

तो छत्री तिथेच ठेवून गेला. नुर्दाने हाजेरसमोर उकिडवी बसली. म्हणजे एवढंच होतं. अलीकडे असेल तर बंधाऱ्यात गेलं. पलीकडे असेल तर अजून आहे.

“हाजेर, अलीकडे की पलीकडे?”

हाजेरने हमामाकडे बोट दाखवलं. नुर्दाने उठायला लागली. मग तेच बोट खड्ड्याकडे वळलं आणि शेवटी तिकिटांच्या खिडकीवर जाऊन थांबलं.

“आठव गं. पाया पडते तुझ्या. चौपन्न वर्षं थांबले मी. आज नाही तर कधीच नाही.” तिने हाजेरचे दोन्ही दंड धरून हलवले. रुमाल घसरला. “माझ्याकडे बघ. मी कोण?”

हाजेरने बघितलं. मग धडपडत उठली, रुमाल सारखा केला आणि मोठ्यांपुढे पोरीबाळी उभ्या राहतात तशी हात जुळवून उभी राहिली.

“उम्मुहान काकू,” ती म्हणाली. “मी नाही सांगितलं हो. कितीदा विचारलं तिने. रडली. तरी नाही सांगितलं.”

नुर्दानेचे हात खाली आले. म्हातारपणी सगळ्या बायका सासवांसारख्याच दिसत असतील. तिने ओठ पुसले आणि चौपन्न वर्षं ज्या आवाजाचा राग राग केला, तोच आवाज काढला.

“शाबास पोरी. आता सोडवली तुला शपथेतून. चल, दाखव जागा.”

“मी कुठे पाहिली? मला तर गोठ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलंत आणि फावडं घेऊन तुम्ही एकट्याच गेलात.”

किडे किरकिरत होते. नुर्दानेला वाटलं, आपण इथेच बसावं आणि त्या जर्मन बाईसारखं एकदाचं आडवं व्हावं.

“मग तिला तसं सांगत का नाहीस?” तिचा आवाज चिरकला. “माहीत नाही म्हणून?”

“असं कसं सांगू, काकू?” हाजेर हळूच म्हणाली. “कधीतरी कुणीतरी सांगेल, एवढंच आहे तिच्याजवळ. तेही काढून घेऊ?”

सासूच्याच आवाजात, पण जरा खालच्या पट्टीत, नुर्दानेने विचारलं, “काय होतं गं? मी विसरले.”

“मुलगी. केस होते, काळेभोर, ओले. तुम्ही पेटीतून तुमचा लग्नातला रुमाल आणलात, तो रेशमी, आणि त्यात गुंडाळलीत. मग तुम्हाला रडू आवरेना, म्हणून मला भिंतीकडे तोंड करायला लावलंत.”

फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा, मग पुन्हा.

नुर्दाने खांबाला धरून उठली. एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा हमामाकडे. पोर कुठल्या पावलाखाली असेल, सांगता येत नव्हतं. मग वाकून तिने आपले रबरी बूट काढले, हातात घेतले आणि तापलेल्या मातीवर पाय ठेवला. फाटक दोनशे पावलांवर होतं.

“मावशी, पाय भाजतील,” रिफात लांबून ओरडला.

“भाजू दे.”

हाजेर चार पावलं मागोमाग आली आणि थांबली. नुर्दानेच्या पायांकडे बघत राहिली. कारण विचारलं नाही. एका दगडावर बसली आणि आपले सुजलेले पाय पुढे केले.

“माझेही काढ,” ती म्हणाली.

नुर्दानेने गुडघे टेकले आणि तिच्या बुटांच्या गाठी सोडवल्या. मोजे मात्र तिने हाजेरच्या पायांत तसेच राहू दिले.