माणिक की तामडा

"ताई, हे पाच कुठल्या ढिगातून काढले तुम्ही?" विसपुते शेठांनी विचारलं.

"तामड्याच्या."

"पण तो ढीग तुम्हीच लावून गेला होता ना? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी?"

"हो. मीच."

दोघंही पांढऱ्या कागदावरच्या त्या पाच लाल खड्यांकडे पाहत राहिले. संध्यानं डावा डोळा मिटला. खडे गुलाबीसर, जरासे जांभळट दिसले. मग उजवा मिटला. तेच खडे विटकरी झाले. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर काहीच ठरेना.

नाशिकच्या सराफ बाजारातल्या या दुकानात संध्या गांगुर्डे बावीस वर्षं खडे पारखत होती. कुणी ज्योतिषाची चिठ्ठी घेऊन यायचं, कुणी आजीच्या कुडीतून निखळलेला खडा पदरात बांधून आणायचं. "ताई, मला पुष्कराज लाभेल का?" असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "मला ग्रह कळत नाहीत हो, खडा कळतो." पुष्कराज कुठला नि त्याच्यासारखाच दिसणारा स्वस्तातला सुनेला कुठला, नीलम कुठला नि निळी काच कुठली, हे ती खिडकीशी बसून सांगायची. लाल खड्यांत तर तिचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. माणिकाच्या लालीत जांभळट झाक असते. तामडा, म्हणजे गार्नेट, विटेकडे झुकतो. एवढंच. एवढं तिला झोपेतही कळलं असतं.

दहा दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा सातपूरच्या घरातली भिंत एका डोळ्याला पांढरी दिसली नि दुसऱ्याला चहा सांडल्यासारखी. तिनं मुलीला हाक मारून विचारलं, "सृष्टी, ही भिंत कुठल्या रंगाची आहे गं?" सृष्टी हसली. "मम्मी, पांढरीच आहे की. कायमच."

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूनं सगळं पिवळट दिसायला लागतं. इतकं हळूहळू, की माणसाला पत्ता लागत नाही.

"किती वर्षांपासून असेल?"

"ते कसं सांगणार? चार, पाच... जास्तही."

आता तिनं खणातून नळी काढली. बोटाएवढी नळी, आत शेजारी शेजारी दोन खिडक्या. माणिक समोर धरून फिरवला, की दोन खिडक्यांत दोन वेगळे लाल दिसतात; तामडा असला तर दोन्हीत एकच. तिनं पाचही खडे पाहिले. दोन माणिक निघाले.

"जाऊ द्या ताई," शेठ म्हणाले. "वेळेत कळलं. माल अजून दुकानातच आहे."

दुकानातल्या मालाचं तिला काही वाटत नव्हतं. जो घरोघर गेला, त्याचं काय? किती जणांना तिनं काय काय सांगितलं होतं! चेहरे आठवायला गेली तर सगळे एकमेकांत मिसळायला लागले. एक चेहरा मात्र स्वच्छ आठवला. तीन वर्षांपूर्वीची बाई. घोटीची, लताबाई. तिच्या आईनं इगतपुरीत एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर वर्षानुवर्षं स्वयंपाक केला होता, आणि बंगला विकून जाताना मालकीणबाईंनी आपल्या बोटातली माणकाची अंगठी तिला दिली होती. आईमागे ती अकरा वर्षं थोरल्या बहिणीनं सांभाळली नि मग आईच्या इच्छेप्रमाणे धाकटीला, लताबाईला, दिली. संध्यानं खडा खिडकीकडे धरला नि सांगितलं, "तामडा आहे."

"नक्की?"

"नक्की."

लताबाईनं तीनदा विचारलं. मग दुकानाच्या पायरीवर बसून ती स्वतःशीच म्हणाली होती, "मंग अक्कानंच बदलला." ते संध्याच्या कानावर पडलं होतं. पडून निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं काळा चष्मा चढवला, नळी नि भिंग पर्समध्ये टाकलं आणि महामार्ग स्टँडवरून घोटीवरून जाणारी इगतपुरीची गाडी धरली. कशासाठी जातोय, हे तिला नीट सांगता आलं नसतं. तो तामडाच निघू दे, असं मन म्हणत होतं. मग वाटायचं, माणिक निघाला तरी आपला काय दोष? डोळाच तसा होता. घोटीला उतरेपर्यंत तिनं हे स्वतःला पंचवीसदा सांगितलं.

लताबाई भात गिरणीच्या मागे राहते, एवढंच तिला ठाऊक होतं. तेवढं पुरलं. लताबाई अंगणात खाटेवर नागलीचे पापड घालत होती.

"ओळखलं का? सराफ बाजारात तुमचा खडा..."

"तुमाला कशी इसरंन, बाई," लताबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "बसा."

संध्यानं डोळ्याचं सांगितलं. ऑपरेशन, भिंत, पाच खडे, सगळं. लताबाई पापड घालायची थांबली.

"अंगठी आहे का अजून?"

"हाय की. तामडा कोण नेतंय चोरून?"

"आणि तुमची बहीण?"

"अक्का गेली. गेल्या चैतात." लताबाई हात पुसत उठली. "आमचं बोलनं नव्हतं. तुमच्याकडनं निघाले ती थेट तिच्या दारात गेले. तांदूळ निवडीत बसली व्हती. तोंडावर म्हनले, आईचा खडा तू खाल्ला. ती म्हनली, मी नाय गं लता. बस, एवढंच. मी परत त्या दारात गेले ती अक्का गेल्यावरच."

तिनं आतून अंगठी आणून दिली. संध्या दाराच्या उजेडात सरकली. चष्मा काढला. भिंगाखाली खड्याच्या पोटात, माणकात असतात तसे, रेशमासारखे बारीक धागे चमकले. तिनं नळी उजव्या डोळ्याला लावली नि अंगठी हळूहळू फिरवली. एका खिडकीत नारिंगीकडे झुकणारा लाल आला. दुसरीत जांभळट.

मग तिनं नळी डाव्या डोळ्याला लावली. जुन्या डोळ्याला. तिला फार वाटत होतं की या डोळ्याला दोन्ही खिडक्या सारख्या दिसाव्यात. रंग मळकट दिसले, पण वेगवेगळेच दिसले. पुन्हा फिरवून पाहिलं. वेगळेच.

तीन वर्षांपूर्वी ही नळी टेबलाच्या खणात होती. हात लांब करायचा अवकाश होता. पण जेवायची वेळ झाली होती, डबा उघडून ठेवला होता, आणि लाल खडा म्हटल्यावर संध्या गांगुर्डेला नळी कशाला लागते!

"लताबाई, हा माणिक आहे. मी चुकले."

"डोळ्यामुळं?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही. ह्या वाईट डोळ्यालाही दिसतंय आता. मी तेव्हा नीट बघितलंच नाही."

लताबाईनं अंगठी घेतली, तळहातावर ठेवली, उलटीपालटी केली.

"मंग अक्कानं काय केलं?"

"काही नाही केलं त्यांनी."

"मंग मी तीन वर्सं कुनावर रागावले व्हते?"

लताबाईनं पापडांवर फडकं टाकलं. मग तिनं चपला पायात सरकवल्या.

"चला."

"कुठे?"

"अक्काच्या घरी. तिच्या सुनंला सांगा हे. दहाव्याला गेले व्हते तर कोन बोललं नाय माझ्याशी. बोलतीन कसे? सासूला चोर म्हनलेली बाई. आता तुमीच सांगा, मोठ्यानं सांगा."

दोन गल्ल्या ओलांडल्या की घर होतं. अक्काबाईची सून तेजल पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. "मावशी! या ना. आज कशा काय?" भिंतीवर अक्काबाईचा हार घातलेला फोटो होता. लताबाई आत गेली नाही. संध्यानं उंबऱ्यापाशी उभं राहून सांगायला सुरुवात केली. खडा तिनं पाहिला होता, चुकीचा सांगितला होता, तो खरा माणिक आहे, अक्काबाईंनी तो बदलला नव्हता, दोष तिचा स्वतःचा आहे. मोठ्यानं सांगितलं.

तेजल एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

"कसला खडा? मला काहीच कळत नाहीये, मावशी."

"अक्का बोलली नाय तुला?"

"काय?"

"मी का येत नव्हते ते."

"ते? आत्याबाई म्हणायच्या, लताचे गुडघे गेलेत, तिला चालवत नाही, सारखं बोलवून तिला लाजवू नका. म्हणून आम्ही..." तेजल ओशाळली. "दहाव्यालाही तुम्ही कोपऱ्यात उभ्या होतात. वाटलं, पाय दुखत असतील. विचारावं की नाही, काही समजेना."

लताबाईनं दाराची चौकट धरली.

"थांबा, तुमचं राहिलंय इथं," असं म्हणत तेजल आत गेली आणि कापडाच्या दोन पिशव्या घेऊन आली. "नवा भात कांडून आला की आत्याबाई पहिली पायली तुमच्या नावानं बाजूला काढायच्या. लता येईल तेव्हा नेईल म्हणायच्या. दोन वर्षांचा आहे. त्या गेल्यावर मीही हात लावला नाही." तिनं पिठाच्या बोटांनी एका पिशवीची गाठ चाचपली. "जुना झालाय, पण किडला नाही. शिजवला की छान फुलेल."

लताबाईनं पिशव्या घेतल्या. त्या मांडीवर ठेवून ती उंबऱ्यातच बसली, आणि तेजलनं दोनदा म्हटलं तरी आत आली नाही.