दोघांनी ‘तुली’ म्हणेपर्यंत

मी एक क्रियापद बोलतोय. तेही लॅटिन. दचकू नका, मी चावत नाही. विद्यार्थी मला बघून उगाच घाम पुसतात.

माझं नाव फेरे. अर्थ विचाराल तर उचलून नेणे, वाहणे, आणणे, सोसणे. शिवाय ‘लोक असं असं म्हणतात’ हेही माझ्याच गळ्यात, कारण गोष्टी इकडच्या तिकडे वाहून नेण्यात माणसांचा हात कुणी धरू शकत नाही. फेरो म्हणजे मी उचलतो, फेर्स म्हणजे तू उचलतोस, फेर्ट म्हणजे तो. पुढे फेरिमुस, फेर्टिस, फेरुंट: आपण, तुम्ही, ते. इथवर मी शहाण्यासारखा वागतो. भूतकाळ आला की मात्र मी एकदम ‘तुली’ होतो, म्हणजे ‘मी उचललं’. हे रूप खरं दुसऱ्या एका क्रियापदाचं. फार पूर्वी उसनं आणलं आणि परत करायचं राहून गेलं. अशा वस्तू सगळ्यांच्याच घरात असतात, मला एकट्याला नावं ठेवू नका.

तरुणपणी माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. पाण्याच्या घागरी, जखमी सैनिक, दूरदूरचे निरोप, सगळं मीच वाहिलं. मग ती बोलणारी माणसं गेली आणि मी पुस्तकात जाऊन पडलो. तेव्हापासून लोक मला नुसतं पाठ करतात. इतक्या वर्षांत माझ्याकडून कुणी साधी पिशवी उचलून घेतली नाही हो! उचलणाऱ्याला असं रिकाम्या हातानं बसवून ठेवतात, याचा मला मनापासून राग येई.

माझे दिवस पालटले ते एका मुलीमुळे. तिचे बाबा आणि काका लोकांचं घरसामान हलवायचं काम करत. कपाटं, पलंग, क्वचित एखादा पियानो. तिला शिकायचं होतं वनस्पतिशास्त्र, आणि तिच्या मनातल्या कॉलेजात लॅटिनची तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय दारात उभं करत नसत. एकदा ती नापास झाली होती, माझ्यावरच. आता शेवटची संधी. ती खुर्चीत बसून मला घोकायची, आणि खुर्चीतून उठली की सगळं साफ विसरायची.

‘‘बसून काय होतंय?’’ बाबा म्हणाले. ‘‘उद्या आमच्याबरोबर चल. कपाट धर आणि म्हण.’’

जड वस्तू जिन्यावरून नेताना खालचा माणूस हाक देतो, वरचा उत्तर देतो, आणि दोघं एका दमात पायरी चढतात. पूर्वी ते ‘हां’ आणि ‘हूं’ म्हणत. आता बाबा खालून ‘फेरो’ म्हणाले की ती वरून ‘फेर्स’ म्हणायची. पियानोसारखं तिघांचं ओझं असलं की काका मधूनच ‘फेर्ट!’ असं ओरडायचे, नको तितक्या जोरात. वस्तू जमिनीला टेकली की ‘तुली’. आणि बाबांचा नियम कडक होता. दोन्ही टोकांनी ‘तुली’ म्हटल्याशिवाय कुणी हात सोडायचा नाही. एकानं आधी सोडलं की दुसऱ्याच्या पायाचा भुगा.

‘‘दादा, हे बरं आहे रे,’’ काका म्हणाले. ‘‘गिऱ्हाईक जरा मानानं बोलतं. त्या बाई विचारत होत्या, तुम्ही कुठल्या देशाचे?’’

माझे पाय तर जमिनीवर नव्हतेच. इतक्या काळानं मी खरोखर काहीतरी उचलत होतो!

घोळ झाला तो परीक्षेच्या दिवशी. परीक्षक सभ्य, वाळके गृहस्थ होते. ‘‘बसा,’’ ते म्हणाले, ‘‘आणि फेरे चालवून दाखवा.’’ ती बसली. झालं! मी तिच्या तळहातांत होतो, खांद्यांत होतो, गुडघ्यांत होतो; जिभेवर काही येईना. माझा जीव टांगणीला लागला. परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं.

ती उभी राहिली. ‘‘सर, राग मानू नका. टेबलाचं ते टोक जरा धरता का?’’

‘‘ते कशाला?’’

‘‘उचलल्याशिवाय मला आठवत नाही.’’

परीक्षकांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळले. टेबल उचलू नये असं कुठंच म्हटलेलं नव्हतं. ते वाकले.

‘‘पाठीत नाही सर, गुडघ्यांत वाका. हं. फेरो!’’

आणि निघाली की वरात! फेर्स, फेर्ट, फेरिमुस करत खोलीला वळसा घातला. दाराशी भविष्यकाळ झाला. खिडकीशी टेबल टेकलं. ‘‘तुली,’’ ती म्हणाली आणि तशीच वाकून राहिली.

‘‘झालं ना?’’ परीक्षकांना धाप लागली होती.

‘‘तुम्ही म्हटल्याशिवाय मला हात सोडता येत नाही, सर.’’

‘‘तुली,’’ ते म्हणाले. मग घाम पुसत, जरा आशेनं त्यांनी विचारलं, ‘‘परत जागेवर न्यायचं असेल ना?’’

ती पास झाली. काकांनी गल्लीभर मला गाजवलं.

मग तिची जायची वेळ आली. बाबांनी ट्रंकेला काकांना हात लावू दिला नाही. ‘‘हलकी आहे,’’ म्हणाले. पुस्तकांनी ठासून भरलेली ट्रंक कसली हलकी! बसपर्यंत ते एकटेच ‘फेरो, फेरो’ म्हणत गेले. बसच्या दाराशी ट्रंक टेकली. ‘‘तुली,’’ ती म्हणाली. बाबांनी कडी धरून ठेवलेली. ‘‘बाबा, म्हणा ना. बस सुटेल.’’ बाबांनी ट्रंक आणखी घट्ट धरली. शेवटी ड्रायव्हरनंच ती त्यांच्या हातातून घेतली. ‘सोसणे’ हा माझा अर्थ पुस्तकात शेवटी येतो, तिथवर मुलं वाचत नाहीत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

हल्ली मी मजेत आहे. दिवसभर जिन्यांवर असतो, संध्याकाळी फोनवर. तुम्हालाही मला पाठ करायचं असेल, तर आधी काहीतरी उचला आणि दुसऱ्या टोकाला कुणालातरी घ्या, एवढीच विनंती. तिचा फोन आला की बापलेकीच्या भरपूर गप्पा होतात. मग ती म्हणते, ‘‘चला बाबा, तुली.’’

‘‘थांब जरा,’’ बाबा म्हणतात, ‘‘अजून टेकलं नाही.’’

ती थांबते. मलाही काही घाई नसते.