बोटभर पाणी

धोंडूकाकांनी हौदाच्या काठाशी गुडघे टेकले आणि भिंतीवरची निळी रेघ नि पाणी यांच्यामध्ये आपलं बोट आडवं धरलं. बोट अगदी बरोबर मावलं. ते उठलेच नाहीत.

"उतरलंय," मागून कारखान्याचे मॅनेजर देवदत्त सर म्हणाले. "म्हणजे गळतंय."

अंधेरीच्या त्या प्लेटिंगच्या कारखान्यात ॲसिडच्या टाकीभोवती हा एवढासा हौद होता. टाकी कधी फुटलीच, तर ॲसिड त्यात अडावं म्हणून. एकदा का ते लाद्यांखाली शिरलं, की बिनबोभाट पाया खात सुटतं. म्हणून धोंडूकाकांनी जुन्या लाद्या उखडून नव्या बसवल्या होत्या, सांधे भरले होते. आणि काल त्या सांध्यांची परीक्षा सुरू झाली होती. रेघेपर्यंत पाणी भरायचं, सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

हात लावला होता गंधालीने.

लॅबमध्ये ती नवीनच होती. काल नळ कोरडे, बेसिनमध्ये काचेच्या भांड्यांचा ढीग आणि समोर हे आयतं, स्वच्छ पाणी. घरी जायच्या घाईत तिने दोन बादल्या उचलल्या. दोन बादल्यांनी काय समुद्र आटतोय, असं मनाशी म्हणत.

"सगळं उखडा," सर म्हणाले. "आणि काका, राग मानू नका, पण पुढचं काम मी दुसऱ्याला देतोय. आता नाही होत तुमच्याच्याने."

काका भांडले असते तर गंधालीला बरं वाटलं असतं. ते नुसतेच आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघत राहिले, जणू बाजारातून कुणी खराब वस्तू गळ्यात मारली होती.

"सर," तिचा आवाज फाटला. "काल मी यातून पाणी घेतलं. दोन बादल्या. भांडी धुवायला."

सर हसले.

"अगं, मग आधी बोलायचं ना! म्हणजे गळत नाहीये. सुटलो बाबा. ॲसिडचा टँकर आजच मागवतो." त्यांनी फोन काढलासुद्धा.

काका गुडघ्यावर हात रोवून उठले. "काय गो चेडवा, सकाळी सकाळी माका म्हातारो करून टाकलंस." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

ओरडायला हवं होतं कुणीतरी. त्याऐवजी तिच्या हातात कटिंग चहा आला. तो तिने न पिताच बाजूला ठेवला.

"जेवढं नेलं, तेवढं मी परत भरते," ती म्हणाली आणि कालचीच बादली घेऊन नळाकडे पळाली. नळाला पाणी आलं होतं.

पहिली ओतली. दुसरी ओतली. तिकडे काका घरी फोन लावून बसले होते. "होय, पास झाला काम. सांग सगळ्यांका, म्हातारो अजून कामाचो आसा."

पाणी डुचमळायचं थांबलं. गंधाली खाली वाकली. रेघ कोरडी होती. पाणी तिच्याखाली नखभर राहिलं होतं.

तिने पुन्हा पाहिलं. डोळे मिटून, उघडून पाहिलं. मग ती नळाशी गेली आणि तिसरी बादली भरून घेऊन आली.

कुणी बघत नव्हतं. नुसती कलती केली की रेघ भिजेल. टँकर येईल, काकांच्या घरी गोडधोड होईल आणि तिची चूक दोन बादल्यांचीच राहील. कडी बोटांत रुतत होती.

"झालं का गं?" सरांनी ऑफिसच्या दारातून विचारलं. "टँकर निघालाय."

गंधालीने बादली हौदाच्या काठापर्यंत नेली. तिथे ती तशीच धरून उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "जरा इकडे येता का?"

काका फोन कानाला लावूनच आले, चेहऱ्यावर हसू तसंच. त्यांनी रेघ पाहिली. मग तिच्या हातातली काठोकाठ भरलेली बादली पाहिली.

"ही कसली गो?"

"ही मी नेली नव्हती, काका."

फोनमधून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. काकांनी तो खिशात टाकला, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि ते सांधे चाचपायला पाण्यात उतरले.