दुसरीच्या वर्गाची खिडकी

“कुणी ठोकलाय हा पत्रा? निघता निघत नाहीये!” प्रिसिला शिडीखालून म्हणाली.

“मी,” वरून रौनो म्हणाला.

तिला गंमत वाटली. शाळेच्या दुरुस्तीचे आराखडे तिनेच काढले होते; पण हा सदुसष्ट वर्षांचा काचकाम करणारा माणूस आपलंच जुनं काम उपटतोय, हे तिला ठाऊक नव्हतं.

एकोणऐंशी साली तेलाचे भाव भडकले होते. मिनेसोटाच्या थंडीत शाळेच्या उंच खिडक्यांतून सगळी ऊब बाहेर जाते, असं ठरलं आणि दोन तृतीयांश खिडक्या आत कापूस भरलेल्या पत्र्यांनी बंद झाल्या. रौनो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. दुसरीच्या वर्गात तिथल्या बाई मिस हाल्वर्सन त्याच्या शिडीपाशीच येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“रौनो, अरे, निदान ही एक तरी राहू दे. मुलांना बर्फ पडलेला कळायचा नाही.”

“बाई, मला सांगितलंय तेवढं मी करतोय.”

त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. त्याच हिवाळ्यात त्याने स्वतःच्या घराच्याही दोन खिडक्या बुजवल्या. घर खरंच उबदार झालं.

अकरा वर्षांनी त्याची मुलगी ताइना त्याच दुसरीच्या वर्गात बसू लागली. हिवाळ्यात सकाळी अंधारात जायची, दिवेलागणीला परतायची. शाळेत ट्यूबलाइट, घरी पिवळा बल्ब; त्या उजेडात तिच्या चेहऱ्याचा उतरलेला रंग कुणाला कळलाच नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुकानाबाहेर, लख्ख बर्फात, बायकोने तिचं नाक पुसायला टोपी वर केली आणि ती ओरडलीच, “अहो, हिचे ओठ बघा! पांढरेफटक पडलेत!”

रक्ताचा कर्करोग होता. डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आणलं असतं तर...” आणि थांबले. मे महिन्यात ताइना गेली. डॉक्टरांचं ते अर्धं वाक्य रौनोने कधी कुणाजवळ काढलं नाही. बायको वारली तोवर तिच्याजवळही नाही.

यंदा नाताळच्या सुट्टीत खिडक्यांचं काम पुरं झालं. आता तीन पदरी काचा होत्या, ऊब अडवून धरणाऱ्या. खिडकीच्या मध्यावर आतल्या बाजूला एक पांढरी आडवी फळी होती. हिवाळ्यातलं खाली उतरलेलं ऊन तिच्यावर आपटून छतावर जायचं आणि तिथून सगळ्या वर्गात पसरायचं. दुसऱ्या दिवशी रौनो वृद्धाश्रमात गेला आणि मिस हाल्वर्सनना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आला. त्या शहाऐंशीच्या होत्या.

बाई बराच वेळ वर छताकडे बघत राहिल्या.

“ऊन पार मागच्या बाकापर्यंत जातंय रे.”

“हो बाई.”

“ताइना तिथं बसायची. कपाटाशेजारी.”

रौनो खुर्चीच्या मागेच उभा होता. “बाई, तो पत्रा मी ठोकला होता.”

“ठाऊक आहे. मी समोरच उभी होते की.” त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. “रोज सहा तास पोर माझ्या नजरेसमोर. पेंगायची. मला वाटायचं, रात्री जागते. एकदा चिडून तिला उभी केली मी. अख्खा तास.”

हे रौनोला माहीत नव्हतं. तो पुढे आला, पहिलीदुसरीच्या मुलांची एक बुटकी खुर्ची ओढून बाईंजवळ बसला. गुडघे छातीशी आले.

“मग? रागावली तुमच्यावर?”

“नाही रे. ‘सॉरी बाई’ म्हणाली. मान खाली घालून उभी राहिली.”

“घरी काही बोलली नाही ती,” रौनो म्हणाला.

बाईंच्या हातांवर ऊन आलं होतं. कातडीखालची शीर न् शीर दिसत होती. रौनोने त्यातला एक हात आपल्या हातात घेतला. काचेमुळे राठ झालेल्या त्याच्या बोटांत तो पाखरासारखा हलका लागला.

दार उघडून प्रिसिला आत आली. हातात उजेड मोजायचं छोटं यंत्र होतं. दोघांना पाहून ती घुटमळली.

“माफ करा हं... आजच नोंद करून पाठवायचीय. जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय.”

“हो, हो. घे ना,” बाई म्हणाल्या.

रौनो गुडघ्यांवर हात टेकत उठला. बाईंची खुर्ची त्याने हळूच भिंतीकडे ढकलली, चाक अडकवलं, आणि स्वतः शेजारी उभा राहिला. प्रिसिला एकेका बाकावर यंत्र ठेवत आकडे लिहून घेत होती. ती दोघं भिंतीशी तिचं मोजणं संपायची वाट बघत राहिली.