त्रेपन्न जणांनी बघितलेलं स्टेटस

अंत्वीमामा गेला तेव्हा कुमासीच्या हॉस्पिटलात त्याच्या उशाशी मी एकटाच होतो. रडलो, नाक पुसलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलं: त्याचा फोटो, खाली पेटती मेणबत्ती.

आमच्यात मरणाची बातमी कुळातल्या थोरल्याने द्यायची. मेलेल्याच्या आईला तर समोर बसवून, पाणी पाजून. हे मला माहीत होतं, अंगठ्याला नव्हतं.

"त्रेपन्न जणांनी बघितलं," कुळाचा थोरला, बोआतेंगमामा म्हणाला. "पुसलंस? छान. आता त्यांचे डोळेही पुसून ये."

आजी, म्हणजे या दोघांची आई, गावी, मांपोंगला एकटी. काळीज अधू. वाचता येत नाही, पण सगळ्यांचे स्टेटस बघते, आणि मेणबत्ती तिला कळते. त्रेपन्नांत ती नव्हती. यादी मी चारदा तपासली. पण तोवर मावसबहिणींनीही मेणबत्त्या लावल्या होत्या.

मांपोंगच्या टॅक्सीत बसता बसता मामाने फोनवरून हुकूम सोडला, "मेणबत्त्या विझवा! हसरे फोटो टाका!"

पाच मिनिटांत घराणं आनंदाने वेडं झालं. केक, नाच, कुणाचं तरी नवं बाथरूम.

आजी फोन उचलत नव्हती. सहा वेळा लावला.

"मामा, तिला काही झालं तर?"

"तर दोन खड्डे लागणार नाहीत, तीन लागतील; तिसरा तुझा. गप बस."

आजी अंगणात बसली होती. जिवंत. मांडीवर फोन. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली.

"मंगळवारी सकाळी एकवीस जण एकदम हसतायत," ती म्हणाली. "आपल्याकडे एवढं सुख एका दिवशी कधी आलंय?"

मामाने पेल्यात पाणी ओतलं. अर्धं जमिनीवर गेलं.

"सगळे दिसले. अंत्वी कुठे हसतोय ते दाखव," तिने फोन माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, "त्याच्या फोनचं... चार्जिंग संपलंय, आजी."

"मग लावा की चार्जिंगला."

"आई, आधी बस," मामा म्हणाला.

तिने भिंत धरली. ओठ निळे पडत चालले होते. मामाने स्टूल पुढे सरकवलं. तिने ते पायाने मागे लोटलं.

उभ्या आईला सांगत नाहीत, हे तिला आमच्याआधीपासून माहीत होतं.