जगदेवीचा व्हिडिओ

अक्कलकोट तालुक्यातल्या त्या गावात पोरं घरी कानडी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. चौथीच्या दानेश्वरी बाईंनी म्हणूनच पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. संध्याकाळी पोरांनी घरच्या फोनवर धडा वाचून व्हिडिओ पाठवायचा, बाईंनी प्रत्येकाला बोलून उत्तर द्यायचं. वर्गात तोंड न उघडणारी जगदेवी तिथं मात्र खुलायची. मेंढरांमागं बसून, आईच्या फोनसमोर पुस्तक धरून वाचायची.

एका सकाळी बाई शाळेत आल्या, तर पाचवीची पोरं गाढवासारखी ओरडत होती आणि जगदेवी जागेवर नव्हती.

"बाई, कुमार सरांच्या रीलमध्ये जगदेवी आलीय," एक पोरगी खाली बघत म्हणाली.

कुमार सर पाचवीचे शिक्षक. तेही त्या ग्रुपवर होते, आणि शाळेच्या नावानं इन्स्टाग्रामवर रील टाकायचे. बाईंनी रील उघडलं. 'विहीर' शब्दाला अडखळलेली जगदेवी, वि... हि... विरी... तेवढंच पुन्हा पुन्हा, आणि मागं गाढवाचं ओरडणं. लाखभर लोकांनी बघितलं होतं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची नुसती रांग.

बाईंची कानशिलं तापली. तशाच त्या शेजारच्या वर्गात शिरल्या.

"सर, कुणाला विचारून टाकलात हे?"

"अहो, गंमत आहे! शाळेचं नाव कुठवर गेलं बघा की. सोलापुरातून फोन येतायत."

"तुमची मुलगी सोलापुरातच शिकते ना? तिचं टाका की असं."

सरांचं हसू मावळलं. पण रील काही त्यांनी काढलं नाही.

शाळा सुटल्यावर बाई वस्तीवर गेल्या. जगदेवीची आई कस्तुराबाई त्यांना बघताच उसळली. "तुमीच म्हणलात की, फोनवर वाचू दे म्हणून! आता बाजारात लोकं मला बघून गाढवावानी वरडत्यात. नगं आमाला तुमची शाळा." जगदेवी कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांची बैठक होती. 'शिक्षणात सोशल मीडियाचा प्रभावी वापर' केल्याबद्दल केंद्रप्रमुखांनी कुमार सरांच्या खांद्यावर शाल घातली. पडद्यावर तेच रील लागलं. सगळे हसले. शिकवणारी माणसं, तीही हसली!

दानेश्वरी बाई उठल्या आणि थेट पुढं गेल्या. "आता पूर्ण व्हिडिओ बघा," म्हणत त्यांनी स्वतःचा फोन जोडला.

जगदेवी अडखळली. थांबली. शब्दावर बोट ठेवून तिनं पुन्हा वाचलं, "विहीर." मग शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडं वळून कानडीत अर्थ सांगत म्हणाली, "विहीर अंद्रे बावी." पुढचा सगळा धडा तिनं असाच वाचला, मराठीतून, आणि भावाला कानडीत समजावत.

"ही पोरगी शिकतीय आणि शिकवतीयसुद्धा," बाई म्हणाल्या. "तिचं अडखळणं तेवढं कापून घेतलं, आणि कापणाऱ्याला आपण शाल देतोय? लाज कुणाला वाटायला पाहिजे?"

"बाई, शांत व्हा," केंद्रप्रमुख म्हणाले. "त्या मुलीचाही सत्कार करू. कुमार सर, त्याचा छान व्हिडिओ घ्या."

"तिच्यासमोर पुन्हा मोबाईल धरायचा नाही!" बाई कडाडल्या. "आणि ते रील आत्ता काढा, माझ्यासमोर. नाहीतर तिच्या आईला घेऊन मी पोलिसांत जाते."

कुमार सरांनी मुकाट्यानं रील काढलं. लोकांनी उतरवून घेतलेलं मात्र फिरतच राहिलं. त्याला आता काही इलाज नव्हता.

बाई पुन्हा वस्तीवर गेल्या. घडलं ते सगळं सांगितलं. "ग्रुपवर आता कुणाचाच व्हिडिओ घेणार नाही. नुसता आवाज, तोही फक्त माझ्याकडं. वर्गात तरी येऊ द्या तिला."

"तिलाच इचारा," कस्तुराबाई म्हणाली. जगदेवी कोकरू उचलून मेंढरांकडं निघून गेली.

पण सोमवारी ती आली. शेवटच्या ओळीत बसली. बाईंनी तिला वाचायला सांगितलं नाही. दोन-तीन दिवस असेच गेले. मग एकदा वाचन चालू असताना ती आपणहून पुस्तक घेऊन उभी राहिली. बाहेर व्हरांड्यात कुमार सर मोबाईलवर बोलत येरझाऱ्या घालत होते. जगदेवीनं त्यांच्याकडं बघितलं, सगळ्या वर्गादेखत दारापाशी गेली, दार लावून कडी घातली, आणि जागेवर येऊन मोठ्यानं वाचायला लागली.