तातेरावानं हाकलेली मेंढरं

"अर्धी मिशी," तातेराव पारावरून म्हणाला. "सरकारनं तुला न्हाई घेतलं तर हितंच बसून अर्धी मिशी काढायची."

"अन् घेतलं तर?" शेजारच्या मल्हारी धनगरानं विचारलं.

"तर भर बाजारातून तुझी मेंढरं मी हाकीन. तुझंच घोंगडं पांघरून."

डोंगरकड्याचा सगळा पार हसला. निजाम सरकारच्या ढोरांच्या दवाखान्यात एक शिकाऊ घ्यायचा होता. दोन उमेदवार शाळा शिकलेले, आणि तिसरा हा मल्हारी, अंगठेबहाद्दर! तरी तातेरावाला शर्त जिंकायची खात्री वाटेना. परीक्षेला कळप लागतो, तर मल्हारीचाच घ्या, असं त्यानं डॉक्टरला गोड बोलून सुचवलं. आपल्या जनावरातली खोट कोण आपण होऊन सांगतंय?

कोंडवाड्यात चाळीस मेंढरं उभी केली. यातलं आजारी कोणतं, डॉक्टरनं विचारलं. शिकलेल्या दोघांनी डोळे पाहिले, शेपट्या उचलल्या आणि सगळी ठणठणीत म्हणून सांगितलं. मल्हारी आत जाऊन नुसता उकिडवा बसला. बसूनच राहिला. कुडाबाहेर तातेराव मिशीला पीळ देत होता.

मग त्यालाही दिसलं. सगळी मेंढरं रवंथ करत होती, फक्त म्होरक्या मेंढीचा जबडा थांबलेला.

तातेरावाचा हात मिशीवरच राहिला. रविवारी वाशीमचा व्यापारी हा कळप नेणार होता. चंद्रभागाबाईनं, मल्हारीच्या बायकोनं, कालच आनंदानं सांगितलं होतं. आता आजार निघाला तर कळप इथंच अडकणार. गप बस लेका, तातेराव मनातल्या मनात म्हणाला. शर्त गेली खड्ड्यात.

"ही," मल्हारी उठला. "सकाळधरून रवंथ न्हाई केला हिनं. बुळकांडीचा रोग हाये, साहेब."

डॉक्टरनं तिचा ओठ उलटला. आत फोड होते.

"तेरे ही जानवर हैं ना? चुप रहता तो?"

"बुळकांडी दुसऱ्याच्या कळपात गेली असती."

मल्हारीचं नाव लिहिलं गेलं. कोंडवाड्याला कुलूप लागलं. तो रविवार गेला आणि पुढच्या रविवारपर्यंत एकही मेंढरू जिवंत उरलं नाही.

मेंढरंच न्हाईत तर हाकतो काय, शर्त मोडली, असं पारानं ठरवलं. तातेराव मात्र मल्हारीच्या दारात गेला. चंद्रभागाबाईनं घोंगडं आणि काठी आणून दिली.

बाजार ऐन भरात होता. घोंगडं पांघरलेला तातेराव मधोमध चालू लागला. "हुर्र... हुर्र..." मोकळ्या धुळीवर काठी आपटत. आधी कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना.

वळणावर मल्हारी उभा होता, सरकारी खाकी सदऱ्यात. तातेराव जवळ आला, तसा तो दोन पावलं मागं सरला आणि कळपाला वाट करून दिली.